कुलूप उघड, किल्ली गुप्त

खरे बोलावे, हे आपण मुलांना पहिलीपासून शिकवतो. शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांत हे वाक्य वर्षातून चार वेळा तरी येते. पण एखादी गोष्ट झाकून ठेवावी की ठेवू नये, याचे शिक्षण मात्र आपण कधी पद्धतशीर दिलेले नाही. ‘घरातले बाहेर बोलायचे नाही’ असे आई सांगते आणि ‘आमच्यापासून काही लपवायचे नाही’ असेही तीच सांगते. मूल दोन्ही ऐकते आणि आपल्या परीने वाट काढते. पुढे हीच मुले मोठी होऊन पोलीस, अधिकारी, पत्रकार, आईबाप होतात, आणि तोच गोंधळ मोठ्या आकारात समाजासमोर उभा राहतो.

लपवणे आणि खोटे बोलणे या दोन गोष्टी आपण पुष्कळदा एकाच टोपलीत टाकतो. खोटे बोलणारा समोरच्याच्या मनात चुकीची समजूत भरवतो. गुपित राखणारा फक्त आपले दार लोटून घेतो. पत्र पाकिटात घालून चिकटवणाऱ्याने पोस्टमनला फसवले, असे कोणी म्हणत नाही. तेव्हा ‘लपवणे पाप आहे का?’ हा प्रश्नच मला नीट मांडलेला वाटत नाही. खरे प्रश्न दोन आहेत. कुलूप लावण्याचा अधिकार कोणाचा? आणि दुसऱ्याचे कुलूप उघडण्याचा अधिकार कोणाचा?

मी एम. ए. केले ते तत्त्वज्ञानात. पण छोट्या हायस्कुलात मुख्याध्यापकाला वाट्टेल त्या विषयाचा ऑफ तास घ्यावा लागतो. अशा तासांना मुले कंटाळू नयेत म्हणून मी गूढलिपीचे खेळ सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आले की या गणिती शास्त्राने वरच्या दोन्ही प्रश्नांवर बराच विचार आधीच करून ठेवला आहे. तो विचार गणित सोडून दिलेल्या वाचकालाही कळण्याजोगा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुप्त बोलण्याची हौस आपल्याला नवी नाही. शब्दाचे पहिले अक्षर मागे टाकून पुढे ‘च’ लावायचा, म्हणजे ‘पाणी’चे ‘चणीपा’ करायचे, ही ‘च’ची भाषा आपण सर्वांनी लहानपणी बोललेली आहे. बोटांच्या खुणांनी बोलण्याची करपल्लवी आणि डोळ्यांनी बोलण्याची नेत्रपल्लवी हे शब्द आपल्या भाषेत जुने आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांनी संज्ञालिपीतून वार्ता पोचवाव्यात असे सांगितले आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे गूढ बोलण्या-लिहिण्याची कलाही आहे. आपल्या दुभाषी भागात तर आणखी एक सोय असते. मुलांना कळू नये म्हणून आईबाप मराठीतून एकदम कानडीत शिरतात. सोय थोडे दिवसच टिकते, कारण मुले गल्लीत खेळून कानडी आईबापांपेक्षा आधी शिकतात. ही गमतीची गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ध्यानात ठेवावी.

आता थोडे गणित. रोमचा ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचे तिसरे अक्षर लिहीत असे. आपल्या वर्णमालेत ‘क’पासून ‘ळ’पर्यंत ३४ व्यंजने धरली आणि प्रत्येक व्यंजन तीन घरे पुढे सरकवले, तर ‘क’चा ‘घ’ होतो, ‘म’चा ‘ल’ होतो, आणि ‘ळ’च्या पुढे पुन्हा ‘क’पासून मोजल्यामुळे ‘ळ’चा ‘ग’ होतो. म्हणजे ‘कमळ’ या शब्दाचे ‘घलग’ झाले. घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजतो, तसे हे फिरते गणित आहे. यातले सरकवणे ही झाली पद्धत, आणि ‘तीन’ हा आकडा झाली किल्ली. या कुलपाला किल्ल्या फक्त ३३. एखादा चिकाटीचा मुलगा मधल्या सुट्टीत सगळ्या लावून पाहील.

मग किल्ल्या वाढवू या. सरळ सरकवण्याऐवजी ३४ व्यंजनांची कशीही उलटापालट करायची; ‘क’साठी ‘ढ’, ‘ख’साठी ‘व’, असा मनाला येईल तसा तक्ता करायचा. असे तक्ते किती होतील? पहिल्या अक्षराला ३४ पर्याय, दुसऱ्याला ३३, तिसऱ्याला ३२, असे करत सगळ्यांचा गुणाकार केला की उत्तर ३९ अंकी येते. सेकंदाला एक अब्ज तक्ते तपासणारे यंत्र घेतले, तरी सगळे तक्ते तपासायला विश्वाचे आजवरचे वय पुरणार नाही.

हे ऐकून मुले खूश होतात. त्यांना वाटते, आता कोणाची छाती आहे! पण हे कुलूप नवव्या शतकातच उघडले गेले. बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने लिहून ठेवले की प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि काही क्वचितच. मराठीत ‘त’, ‘र’, ‘ल’ पावलोपावली भेटतात. ‘ङ’, ‘ञ’ क्वचित दिसतात. वाक्याच्या शेवटी ‘आहे’ येते. अक्षराचे सोंग बदलले तरी त्याची सवय बदलत नाही. गूढ मजकुरातली प्रत्येक खूण किती वेळा आली हे मोजत बसले, की कोणत्या सोंगामागे कोण आहे ते हळूहळू कळते. किल्ल्यांची संख्या प्रचंड असणे आणि कुलूप भक्कम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कच्च्या कुलपावर भरवसा ठेवला तर काय होते, याचे उदाहरण इतिहासात आहे. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये कैदेत असताना १५८६ साली तिचा गूढलिपीतला पत्रव्यवहार दारूच्या पिंपातून लपवून चालत असे. एलिझाबेथ राणीच्या हेरखात्याने ती लिपी सोडवली होती. एवढेच नव्हे, तर मेरीच्या पत्राखाली तिच्याच लिपीत एक बनावट ताजा कलम घालून कटातल्या माणसांची नावे विचारली गेली. पुढच्या वर्षी मेरीचा शिरच्छेद झाला. लिपी नसती, तर तिने पत्रात इतके मोकळेपणाने कदाचित लिहिलेच नसते. कुलूप आहे या समजुतीनेच ती बेसावध राहिली.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळतो. मराठीत धर्मविचार सांगण्याचा आग्रह तेराव्या शतकात महानुभाव पंथाने धरला. श्रीचक्रधरांच्या आठवणींचे म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जातो. शिष्यांनी संस्कृतात ग्रंथ रचावा की मराठीत, असा प्रश्न निघाला तेव्हा नागदेवाचार्यांनी मराठीचा पक्ष घेतला, कारण संस्कृतामुळे सामान्य म्हाताऱ्या बायाबापड्या त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. किती मोठी दृष्टी! पण पुढच्या काळात याच पंथात सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपी आल्या आणि ग्रंथ त्या लिपींत लिहिले जाऊ लागले. ग्रंथांचे पावित्र्य राहावे, अनधिकारी माणसाच्या हाती ते पडू नयेत, ही भावना त्यामागे असल्याचे अभ्यासक सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, आणि मग हे धन हळूहळू सर्व मराठी वाचकांपुढे आले.

या हकिकतीत मला दोष द्यायचा नाही. विरोधी वातावरणात जगणाऱ्या लहान समूहाला आपले पवित्र ते झाकून ठेवावेसे वाटले, तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? त्या लिपीमुळेच जुनी मराठी पुष्कळशी अबाधित राहिली, असेही म्हणता येईल. तरीही म्हाताऱ्या बायाबापड्यांसाठी जी भाषा निवडली, तिच्यातलेच ग्रंथ पंथाबाहेरच्या बायाबापड्यांना कित्येक शतके दुरावले, हेही खरे आहे. यातून प्रश्न पडतो तो असा, की झाकावे ते नेमके काय? ज्ञान झाकावे, की माणसाचे खाजगी?

या प्रश्नाचे उत्तर गूढलिपीच्या शास्त्राने १८८३ साली दिले. फ्रान्समध्ये भाषा शिकवणारे ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गूढलिपीवरच्या लेखात एक नियम मांडला. आपली पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त असावी ती फक्त किल्ली. पद्धत लपवून मिळणारी सुरक्षितता खोटी असते, कारण पद्धत हजार जणांना शिकवावी लागते आणि हजारांतला एक फुटतोच. किल्ली दोघांपुरती असते आणि संशय आला की बदलता येते.

हा नियम आमच्या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा कसा होतो, ते पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. दलाल खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो आणि त्याच्याखाली बोटे धरून भाव सांगतो. कोणते बोट म्हणजे किती, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पद्धत सर्वांची. झाकलेला असतो तो फक्त आजचा, या बैलाचा, या दोघांमधला भाव. विकणारा मराठी आणि घेणारा कानडी असला तरी अडत नाही. मघाशी म्हटले तसे, भाषेआड लपवलेले फार दिवस लपत नाही, कारण भाषा ही शिकण्यासाठी असते आणि शेजारी ती शिकतोच. टॉवेल मात्र दोघांनाही सारखाच उपयोगी पडतो. केर्कहॉफ्सने लेख लिहून सांगितले, ते आमच्या बाजारात टॉवेलाखाली चालू होते.

मला या नियमात नीतीचे सूत्र दिसते. ज्ञान, पद्धत, नियम, कायदा हे उघड असावेत. माणसाचे पत्र, त्याचा भाव, त्याचे दुखणे हे त्याचे स्वतःचे असावे. कुलूप कसे चालते हे सर्वांना कळू द्यावे, किल्ली ज्याची त्याच्याजवळ राहू द्यावी. समाज जेव्हा याच्या उलट वागतो, म्हणजे कार्यालयाचे नियम गुप्त आणि नागरिकाचे खाजगी आयुष्य उघडे, तेव्हा काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे.

पण एक अडचण शिल्लक होती, आणि ती दोन हजार वर्षे सुटली नव्हती. गुप्त बोलायचे तर दोघांकडे एकच किल्ली हवी, आणि ती आधी कधीतरी भेटून द्यायला हवी. ज्याला कधी भेटलोच नाही, त्याच्याशी गुप्त कसे बोलायचे? १९७६ साली अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांनी याची वाट दाखवली, आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी ती अंकगणितात उतरवली. कल्पना अशी, की मी माझे उघडे कुलूप चावडीवर टांगून ठेवतो. कोणीही यावे, पेटीत पत्र घालावे आणि ते कुलूप दाबून बंद करावे. बंद करायला किल्ली लागत नाही. उघडायला लागते, आणि ती माझ्याकडेच असते. मी ती कोणाला पाठवलेलीच नसते.

आकड्यांत पाहू. ज्यांना फक्त एकाने आणि स्वतःनेच पूर्ण भाग जातो अशा दोन मूळ संख्या घेऊ, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. हा ३३ आणि सोबत ३ हा घात मी जाहीर करतो. हे माझे उघडे कुलूप. तुम्हाला मला ४ हा आकडा गुप्तपणे कळवायचा आहे. ४ चा घन करा, ६४. त्याला ३३ ने भागा, बाकी ३१. हा ३१ तुम्ही भर बाजारात ओरडून सांगितला तरी चालेल. माझी गुप्त किल्ली आहे ७. मी ३१ चा सातवा घात करतो. तो २७,५१,२६,१४,१११ येतो. त्याला ३३ ने भागले की बाकी उरते ४. तुमचा निरोप पोचला. ही ७ कोठून आली? दोन्ही मूळ संख्यांतून एकेक वजा केला, २ आणि १०. त्यांचा गुणाकार २०. ज्याला ३ ने गुणून २० ने भागले असता बाकी १ उरते, असा आकडा ७. म्हणजे किल्ली घडवायची तर ३३ चे मूळ अवयव माहीत हवेत.

तेहतीसचे अवयव पाचवीतला मुलगाही सांगेल. पण दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आणि त्या गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अतिशय अवघड. या तिघांनी १९७७ साली १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून दिली होती. तिचे अवयव १९९४ साली निघाले, तेही सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपले संगणक एकत्र जुंपले तेव्हा. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका आकारात ही संख्या ६१७ अंकी असते. हे कुलूपही अमर नाही. पुंज संगणक पुरेसे मोठे झाले तर ते उघडेल, हे पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखवले, आणि म्हणून २०२४ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या प्रकारच्या कुलपांचे मानक जाहीर केले. मात्र कुलूप बदलले तरी उघड पद्धत आणि गुप्त किल्ली हा नियम बदललेला नाही.

याच शोधाची दुसरी बाजू १९९७ साली उजेडात आली. ब्रिटनच्या सरकारी गुप्त खात्यातील क्लिफर्ड कॉक्स यांनी तीच युक्ती १९७३ सालीच शोधली होती. पण ती खात्याच्या कपाटात चोवीस वर्षे बंद राहिली, आणि जगाला तिचा उपयोग झाला नाही. अमेरिकेतल्या तिघांनी ती छापून टाकली, आणि ती छापल्यामुळेच जगभरच्या हुशार माणसांना तिच्यातले दोष शोधता आले आणि तिच्यावर विश्वास बसला. सकळ लिपीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. ज्ञान कुलपात राहिले की ते कोणाच्याच कामाचे राहत नाही.

आता दुसरा प्रश्न. दुसऱ्याचे कुलूप उघडण्याचा अधिकार कोणाला? काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत नववीच्या दोन मुलींची एक चिठ्ठी वर्गात पकडली गेली. सगळी आकड्यांत लिहिलेली. एका शिक्षकांचे म्हणणे होते की मुलींना उभे करून वर्गासमोर वाचून घ्यावी, म्हणजे पुन्हा कोणी धजणार नाही. चिठ्ठी माझ्या टेबलावर आली. आकडे नुसते नजरेखालून घातले तरी कळत होते की अक्षरामागे एक आकडा आहे आणि काही आकडे सारखे सारखे येत आहेत. तासाभराचे काम होते. मी ते केले नाही. दुसऱ्या दिवशी दोघींना बोलावून चिठ्ठी परत दिली, वर्गात चिठ्ठ्या फिरवल्याबद्दल रागावलो, आणि एवढेच म्हटले, ‘बाळांनो, यात मोठ्या माणसाला सांगण्याजोगे काही असेल तर मला किंवा बाईंना येऊन सांगा.’ दोघींनी माना डोलावल्या आणि गेल्या. त्या चिठ्ठीत काय होते, ते मला आजही ठाऊक नाही.

शिक्षक खोलीत यावर बराच वाद झाला. आमच्या एक ज्येष्ठ शिक्षिका म्हणाल्या, ‘सर, त्यात काही गंभीर असते तर? पोरगी संकटात असती तर तुम्ही तत्त्व घेऊन बसला असता का?’ हा प्रश्न खोडून काढता येण्याजोगा नाही. कुलूप फोडणे काही वेळा कर्तव्यच असते. पोलंडचे तरुण गणिती मारियान रेयेवस्की यांनी १९३२ साली जर्मन लष्कराच्या एनिग्मा यंत्राची गूढलिपी गणिताच्या बळावर सोडवली. जुलै १९३९ मध्ये पोलंडने ते ज्ञान ब्रिटन आणि फ्रान्सच्या हवाली केले, आणि पुढे ॲलन ट्युरिंग यांच्यासारख्यांनी ते काम वाढवले. त्यामुळे महायुद्धात अगणित जीव वाचले. त्या गणितींना आपण दुसऱ्याचे पत्र वाचणारे म्हणून दोष देणार आहोत काय?

फरक आहे तो येथे. एनिग्मा फोडणाऱ्यांसमोर चालून येणारा शत्रू होता. माझ्यासमोर दोन मुली होत्या आणि संशयाला काही कारण नव्हते. कारण असते, अंगावर वळ दिसले असते, मुलगी गप्प गप्प राहू लागली असती, तर मी त्या एका मुलीच्या बाबतीत वेगळा वागलो असतो आणि तिच्या तोंडावर सांगून वागलो असतो. पण ‘कदाचित काही असेल’ एवढ्यावर सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या म्हटले, तर खरोखर संकटातली मुलगी लिहिणेच बंद करील. तिच्याजवळची बोलायची शेवटची जागाही आपण काढून घेतलेली असेल. बाईंना मी हेच सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि ते होऊ नये हेच बरे. अशा प्रश्नात ज्याचे पूर्ण समाधान झाले, त्याच्या हाती अधिकार द्यायला मला भीती वाटते.

हाच वाद आता देशादेशांत चालू आहे. मोबाइलवरचे निरोप हल्ली असे बंदिस्त असतात की पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. सरकारे म्हणतात, यात गुन्हेगारही लपतात, तेव्हा एक राखीव किल्ली आमच्याकडे द्या. चिंता खरी आहे. मुले पळवणारा आणि बॉम्ब पेरणाराही तेच कुलूप वापरतो. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमात ठरावीक कारणांसाठी मजकूर उलगडून मागण्याची तरतूद आहे, आणि २०२१ च्या नियमांत निरोप प्रथम कोणी पाठवला ते शोधून देता यावे अशी अट आहे.

पण राखीव किल्लीच्या बाबतीत गणिताचे म्हणणे स्पष्ट आहे. ३१ चा सातवा घात करणारा हात पोलिसाचा आहे की चोराचा, हे त्या ७ ला कळत नाही. मुद्दाम ठेवलेले भोक सर्वांसाठीच भोक असते. ग्रीसमध्ये टेलिफोनच्या यंत्रणेत कायदेशीर ध्वनिश्रवणाची सोय बसवलेली होती. २००४-०५ मध्ये कोणीतरी बाहेरच्याने तीच सोय ताब्यात घेऊन खुद्द पंतप्रधानांसह शंभरएक लोकांचे मोबाइल महिनोन्‌महिने ऐकले. राखणदारासाठी केलेल्या दारातून चोर मालकाच्या खोलीत पोचला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. न्यायालयाने हा हक्क अमर्याद मानलेला नाही. कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशा अटींवर त्याला मर्यादा घालता येते. मला हे मनोमन पटते. ज्याच्यावर सकारण संशय आहे, त्याच्या दारी आज्ञापत्र घेऊन जावे आणि किल्ली मागावी. सगळ्या गावाच्या किल्ल्यांचा एक जुडगा चावडीवर टांगून ठेवू नये. यात काही गुन्हेगार सुटतील, ही किंमत आहे. ती नाही असे म्हणणारा प्रामाणिक नाही. पण जुडग्याची किंमत त्याहून मोठी आहे, आणि ती निरपराध माणसाला मोजावी लागते.

शेवटी एक साधी गोष्ट. पेन्शन काढायला येणाऱ्या आजीबाई एटीएमच्या कार्डामागेच गुप्त आकडा लिहून ठेवतात आणि रांगेत पुढे असेल त्याच्या हाती कार्ड देतात. फोनवर गोड बोलणाऱ्याला चांगले शिकलेले लोकही मोबाइलवर आलेला आकडा सांगून मोकळे होतात. जगातल्या उत्तमोत्तम गणितींनी घडवलेले कुलूप तेथे अबाधित असते. किल्लीच आपण हाताने दिलेली असते. आपल्याकडे ज्याला काही लपवायचे नाही तो भला, असे समजले जाते, आणि त्या भलेपणाचा फायदा लबाड माणसे घेतात. म्हणून खरे बोलावे या सुविचाराशेजारी आणखी दोन वाक्ये मुलांना शिकवावीत असे मला वाटते. आपली किल्ली सांभाळावी. दुसऱ्याची किल्ली सापडली, तर पेटी न उघडता ती ज्याची त्याला नेऊन द्यावी.